नऊ नंबरचा बेडूक

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, तान्हा पोळा. वेळ दुपारी साडेतीन. जागा आमच्या घरासमोरचं अंगण, जिथून तलावाची पाळ दिसते. हजर: डोमाकाका, आमच्या तलावावरचे सगळ्यांत जुने ढीवर म्हणजे मासेमार, वय पंचाहत्तरच्या पुढे; देवराम वाढई, मुलांचे लाकडी नंदी करून देणारा; तलाव समितीतले आणखी चौघं; चहा देणारी आणि मधूनमधून बोलणारी माझी बायको सुनंदा; आणि मी, समितीचा सचिव. गैरहजर: बिसन.

बिसनला कोणी बोलावलं नव्हतं. न बोलावलेल्या माणसाला गैरहजर लिहीत नाहीत, हे मला कळतं. हजेऱ्या, नोंदी, साठा, फूटतूट हेच माझं काम आहे. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. परीक्षानळ्या मोजतो, बाटल्यांना चिठ्ठ्या लावतो. गाव मला मास्तर म्हणतं, पण मी एक तासही शिकवलेलं नाही. घरीही खिशात छोटी वही असते. काम झालं की समोरच्या चौकटीत बरोबरची खूण. एक काम सोडलं, तर त्या वहीत कुठलंच काम आठवड्यापेक्षा जास्त राहिलेलं नाही.

आज सकाळी नारबोद झाली. पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाचे मेढे, म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्या, लावायच्या. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या उपटून घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायच्या आणि ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकायच्या. ज्याला जे नको असेल ते त्यानं पुकारायचं. "माशा-मच्छर घेऊन जा गे नारबोद! खोकला-पडसं घेऊन जा गे नारबोद!" चिखलातून पन्नास-साठ माणसं ओरडत चाललेली. मागून देवराम ओरडला, "मास्तरची वही घेऊन जा गे नारबोद!" सगळे हसले. मीही हसलो. माझी पाळी आली तेव्हा मी तोंड उघडलं आणि म्हणालो, मच्छर. गेली सहा वर्षं मी मच्छरच म्हणतो आहे.

सगळे मेढे शिवेवर जातात, आमच्या गावात एक जात नाही. तो तलावासाठी ठेवतात. या दिवसांत मरळीची पिल्लं फुटलेली असतात. ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला मासे वाटतच नाहीत. तांबड्या दोऱ्याचे तुकडे कोणी मूठभर पाण्यात टाकावेत तसा थवा, परातीएवढा, आणि तो श्वास घ्यायला वर आला की तेवढ्याच जागी पाण्याला बारीक उकळी फुटते. आजूबाजूचं पाणी मात्र थंड, गप्प. थव्याच्या खाली हातभर अंतरावर नर-मादी दोन्ही राखणीला. थवा दिसला की डोमाकाका कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिथं तो पळसाचा मेढा रोवतात. मेढ्याच्या आसपास, जाळं फेकलं तर जितकं पसरेल तितक्या जागेत, जाळं नाही आणि गरी म्हणजे गळही नाही. पळसाची पानं सुकून गळून पडेपर्यंत. तोवर पिल्लं तांबड्याची काळी होतात आणि पांगतात. कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि तरी चुकत नाही. मला ही व्यवस्था लहानपणापासून आवडत आली आहे. पंचांग नाही, पहारेकरी नाही. एक फांदी आणि तिची पानं.

हे आवडणाऱ्या माणसानंच ती फांदी उपटली.

सहा वर्षांपूर्वीचा हाच मोसम. धान हिरवंगार, अजून पोटरीत यायचं. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, पाणी, वाटेवर चिखल, आणि देवरामच्या अंगणात शिवणीच्या लाकडाचा वास. तान्ह्या पोळ्याआधी पंधरा दिवस देवरामकडे नंद्यांची रांग लागते. शिवणीचं लाकूड हलकं, फिकट, लोण्यासारखं कापलं जाणारं आणि तरी न तडकणारं. तो नंदीचे पाय कापायचा तेव्हा टोकाकडचे बोटभर तुकडे ढिगात पडायचे. मी ते वेचायला लागलो.

"काय करून राहिले जी मास्तर? नंदीचे खूर कायले पाहिजेत तुमाले?"

"बेडूक करतो. मरळीसाठी. लाकडाचा."

"बेडकं पान्यात कमी पडले का?" देवरामनं पटाशी थांबवली. "आनि मरळ का खुळी हाय? लाकूड खाऊन तिचे दात पडतीन."

मी मोबाईलवर पाहिलं होतं. दुसऱ्या देशांत लोक लाकडाचे मासे करतात, बेडूक करतात, पाण्यावरून ओढतात, आणि मासा फसतो. जिवंत बेडूक गरीला लावायचा मला लहानपणापासून तिटकारा. हे स्वच्छ होतं. यात माप होतं, वजन होतं, तोल होता. मी एक रजिस्टर आखलं: क्रमांक, लाकूड, लांबी, वजन, तोंडाचा उतार, गरीची जागा, कुठे टाकला, परिणाम. त्या मोसमात मी जितका आनंदात होतो तितका नंतर कधी झालो नाही, हेही लिहायला हवं. नाही तर हिशेब एकतर्फी होईल.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबायचो. काचेच्या मोठ्या भांड्यात पाणी भरून बेडूक सोडायचो. एक नंबर पोट वर करून तरंगला. दोन नंबर बुडाला. तीन नंबर एका कुशीवर, आजारी माणसासारखा. मग जुन्या जाळ्याचा शिशाचा मणी फोडून त्याचा तुकडा पोटात बसवला, आणि चार नंबर ताठ उभा राहिला. सायकलच्या स्पोकची तार तोंडापासून शेपटापर्यंत आरपार, म्हणजे मासा लाकूड चावून मोडला तरी दोर सुटायचा नाही. गरी दोन तोंडांची, टोकं वर, म्हणजे शिंगाड्याच्या वेलीत अडकायची नाही. मागचे पाय सायकलच्या जुन्या ट्यूबचे. तोंड सपाट कापलं की बेडूक नुसता घसरतो. तिरकं कापलं की ओढताना 'डुब्' असा आवाज करतो. तो उतार सापडायला मला चार बेडूक लागले. वरून लाखेचे तीन हात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची. शाळेचं स्पिरिट कपाटात होतं, किल्ली माझ्याकडे होती, पण मी एक थेंब घेतला नाही. बाहेरून बाटली आणली. याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. आज ती बाटली आठवली तरी मान खाली जाते.

डोळे गुंजांचे. लाल गुंज, वर काळा ठिपका, देवानं बेडकासाठीच केल्यासारखी. सुनंदा म्हणाली, "माह्यासाठी कधी इतकं बसून काही केलं का जी?" आणि तरी तिनंच कुंपणावरच्या गुंजा खुडून वाटीत आणून ठेवल्या.

डोमाकाकांना मी पाचवा की सहावा बेडूक दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, पोटाच्या शिशावरून अंगठा फिरवला. जाळं विणणाऱ्या माणसाचा अंगठा. त्याला खोटं काम लगेच कळतं.

"मस्त केला, बाबू. सफाई हाय हाताले." मग बेडूक परत देताना म्हणाले, "लाकडाचा असो का कशाचा, एक सांगून ठेवतो. लाल पोरं असतीन तिथं हा नाई पडला पाहिजे. मरळ तवा भुकेनं नाई येत, रागानं येते. काडी टाकली तरी येते. माय बी येते, बाप बी येते. ते काई मासे मारनं नोहे."

"हो काका. मेढा आहे ना."

"मेढा पान्यात राहते," डोमाकाका म्हणाले. "मानूस पाळीवर राहते."

एक ते आठ नंबरपर्यंतच्या 'परिणाम' या रकान्यात मी एकच शब्द लिहिला आहे: नाही. रोज पहाटे पाळीवर जायचो. धुकं कमळाच्या पानांवर बसलेलं, पलीकडच्या काठाला कोणीतरी बैल धूत असलेला, पाणकोंबड्यांची ती पावलं मोजत चालणारी चाल. बेडूक टाकायचो, 'डुब्, डुब्' करत ओढायचो. मरळ यायची, मागे थोडी चालायची, पाण्यावर एक वळी उमटायची आणि मिटायची. तिला शंका यायची. भुकेला मासा शंकेखोर असतो, हे मी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहूनही ठेवलं. तिथं थांबलो असतो तर तो एक चांगला अभ्यास झाला असता.

शाळेत तिवारीजी नावाचे लिपिक होते, गोंदिया शहरातून येणारे. त्यांच्याकडे कारखान्यात बनलेले चकचकीत मासे, रीळ, काठी, सगळा सरंजाम. ते माझा बेडूक टेबलावर टुणकन उडवायचे. "क्या सरजी, ये तो खिलौना है। पोळे में बच्चों को दे दो।" स्टाफरूममध्ये हशा. माणूस वाईट नव्हता. रविवारी ते आमच्या तलावावर येणार होते, मोबाईलवर चित्रण करायला. "आप की लकड़ी और मेरा माल, दोनों एक साथ। देखते हैं।"

रविवार तान्ह्या पोळ्यानंतर चौथ्या दिवशी आला. नऊ नंबर आदल्या दिवशी वाळला होता. मधल्या बोटाएवढा, पाठ गडद हिरवी, पोट शिवणीच्या मूळ रंगाचं, दोन्ही डोळे ताजे लाल. पहाटे तासभर आम्ही दोघांनी उघड्या पाण्यात टाकलं. त्यांना काही नाही, मला काही नाही. तिवारीजी पाळीवर बसून बिस्किटं खायला लागले. म्हणाले, "चलो, खिलौने से तो खिलौना ही मिलेगा।"

मी म्हणालो, "तिकडे पलीकडे बघू."

पलीकडे म्हणजे कुठे, हे मला माहीत होतं. मेढा वळणाच्या आड होता. तिवारीजी चप्पल हातात घेऊन सावकाश येत होते, त्यांच्या आधी मी पोहोचलो. मी पाण्यात उतरलो, फांदी धरली, हलवली, उपटली आणि पाळीच्या उतारावर, गवतात आडवी ठेवली. चित्रणात दिसू नये म्हणून. बुडाशी चिखल होता, पानं हिरवी होती, एक पान माझ्या मनगटाला चिकटलं. हे सगळं करायला मला जितका वेळ लागला तेवढ्या वेळात माणूस तीनदा विचार बदलू शकतो. मी नाही बदलला. मी तेव्हा फेकीचं अंतर मोजत होतो.

पाण्याला उकळी फुटली होती तिच्या पलीकडे हातभर मी बेडूक टाकला. दोन 'डुब्'. मग पाण्यात घमेलं आपटावं तसा आवाज, आणि काठी वाकली.

तिवारीजी ओरडले, नाचले. मरळ काठावर आली, काळी, हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढी, आणि नऊ नंबर तिच्या जबड्यात आडवा. शंका वगैरे काही नव्हती. भरधाव आली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी काय म्हणावं? "एक तो इत्तेफाक भी हो सकता है, सरजी।"

पहिल्या माशाबद्दल मी स्वतःला आजवर बरंच काही सांगितलं आहे. ईर्ष्या, घाई, थट्टेचा राग. दुसऱ्याबद्दल सांगण्यासारखं काहीच सापडत नाही. माय बी येते, बाप बी येते. मला सांगितलेलं होतं, आणि मी ते ऐकूनच दुसऱ्यांदा फेकला. दुसरी मरळ पहिलीपेक्षाही जोरात आली. त्या झटापटीत बेडकाचा डावा डोळा निघाला. मी पाहिलं: गुंज पाण्यात पडली, आणि ती बुडत असताना तिच्याभोवती ती दोऱ्याएवढी तांबडी पिल्लं गोळा झाली.

एक मासा तिवारीजी घेऊन गेले. दुसरा सुनंदानं चिरला. "कोठचा जी हा?" तिनं विचारलं. "उघड्या पाण्यातला," मी म्हणालो. मग रजिस्टर काढलं. नऊ नंबर. कुठे टाकला: उघडे पाणी, दक्षिण बाजू. परिणाम: यशस्वी, दोन. माझ्या हातून झालेली ही पहिली खोटी नोंद. अक्षर बाकीच्या नोंदींसारखंच आहे, जराही हललेलं नाही.

मेढा परत लावायचा राहिला. खरंच राहिला, यात डाव नव्हता. तिवारीजींना बसथांब्यावर सोडायचं होतं, मासा हातात होता, लोक अभिनंदन करत होते. दुपारी आठवलं. धावत गेलो, तर वळणावर माणसं जमलेली आणि पाण्यात बिसन उभा, हातात तोच मेढा.

बिसन माझ्याहून दोन वर्षांनी लहान. शेतमजुरी करायचा, आपल्या दोन म्हशी चारायचा, आणि हौसेनं गरी टाकायचा. मासा कुठे आहे हे पाण्याच्या रंगावरून सांगणारा. डोमाकाकांनंतर थवा पहिला कोणाला दिसायचा तर बिसनला. पण काही वर्षांआधी तो दुसऱ्याच्या शिंगाड्याच्या वेलीत गरी टाकताना सापडला होता, आणि गाव असल्या गोष्टी सांभाळून ठेवतं. त्या दिवशी म्हशी पाजायला आला, गवतात फांदी पडलेली दिसली, आणि ती जागेवर लावायला तो पाण्यात उतरला. कपडे धुणाऱ्या बायांनी तेवढंच पाहिलं.

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक. मी वही घेऊन बसलो.

"मी काढून नाई राहिलो होतो गा काका," बिसन म्हणाला. "लावून राहिलो होतो."

"मंग काढला कोनं?" डोमाकाकांचा आवाज चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "पोरं तितं एकटी फिरून राहिली! बगळ्यांनी अर्धी नेली."

"मले का मालूम?" बिसननं सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, तुमी त होते ना सकाळी पाळीवर? तुमी सांगा ना जी."

सगळे माझ्याकडे वळले. आमच्या घराण्यानं हा तलाव बांधला असं गावात सांगतात. पाळीवरचा दगडही आमच्या पूर्वजांच्या नावानं ओळखला जातो. माझा शब्द त्या ओट्यावर चालणार होता. बिसनला हे ठाऊक होतं, म्हणूनच तो माझ्याकडे आशेनं पाहत होता.

मी म्हणालो, "मी सकाळी लवकर गेलो आणि लवकर आलो. मी होतो तेव्हा मेढा होता."

हे वाक्य मी बरेचदा तपासून पाहिलं आहे. पहिला भाग खरा. दुसराही, शब्दाला शब्द लावला तर, खरा. मी गेलो तेव्हा मेढा होता.

 ठराव देवरामनं तोंडी सांगितला, मी लिहिला: बिसन याने मेढा काढल्याचे सर्वांच्या मते दिसून आले, सबब दोन मोसम त्याने तलावात गरी किंवा जाळे टाकू नये, आणि मेढ्याला हात लावू नये. देवराम म्हणाला, "जरा मोकळं लिवा मास्तर, फलकावर लावाचं हाय." मी मोकळं लिहिलं. समासही सोडला.

पुढचे तीन दिवस मी पहाटे पाळीवर जात राहिलो. गरी न घेता. थवा त्याच जागी वर यायचा. बिसननं लावलेला मेढा मधोमध उभा, बरोबर जागेवर, आणि त्याच्या बुंध्याशी ती उकळी. पहिल्या दिवशी ताटाएवढी, दुसऱ्या दिवशी ताटलीएवढी. तिसऱ्या दिवशी वाटीएवढी होती आणि एक पाणकोंबडी शेजारी निवांत उभी होती. चौथ्या दिवशी मी गेलो नाही.

नऊ नंबरनंतर मी बेडूक केला नाही. दहाव्यासाठी कापलेला शिवणीचा तुकडा डब्यात आहे, पिवळा पडलाय. नऊ नंबरही आहे, एका डोळ्याचा. गुंजा कुंपणावर दर वर्षी येतात, पण त्याला दुसरा डोळा बसवावा असं वाटत नाही. तिवारीजींचं चित्रण मात्र पुष्कळ फिरलं. कोणाकोणाच्या मोबाईलवर अजून येतं आणि लोक मला दाखवतात: मास्तर, तुमचा बेडूक! त्यात मी हसतो आहे. पाठीमागे गवतात हिरवं काहीतरी आडवं पडलेलं दिसतं, ज्याला माहीत आहे त्याला.

बिसनचे दोन मोसम कधीच संपले. पण त्यानं पुन्हा गरी टाकली नाही. म्हशी विकल्या आणि राइस मिलमध्ये पोती उचलायला लागला. सायकलनं सकाळी जातो, पाचला परत येतो. एकदा रस्त्यात भेटला. मी शाळेतून येत होतो. त्यानं सायकल थांबवली, कोंड्यानं भुवया पांढऱ्या झालेल्या.

"मास्तर, फलकावरचं अक्षर तुमचंच होतं ना?"

"हो."

"माह्या पोरीनं वाचून दाखवलं होतं. म्हने, बाबा, अक्षर मस्त हाय." तो हसला नाही, रागावलाही नाही. पायडलवर पाय ठेवून जरा थांबला, जणू माझ्याकडून काही यायचं होतं. आलं नाही. मग गेला.

त्या दिवशी छोट्या वहीत मी लिहिलं: बिसनकडे जाणे. समोर चौकट. वही भरली की उरलेली कामं नव्या वहीत उतरवतो. हे काम आता अकराव्या वहीत आहे. सुनंदानं एकदा धोब्याला कपडे देताना खिशातली वही चाळली. "बिसनच्या घरी जायाले किती वर्षं लागतात जी? आठ घरं सोडून तर राहते." मी म्हटलं, काम मोठं आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी तिला सांगितलं. सगळं, दुसऱ्या माशापर्यंत. तिनं कपडे मोजून संपवले आणि म्हणाली, "अन् मी तो मासा खाल्ला." त्यानंतर आमच्या घरी मरळ शिजलेली नाही.

आता आजची दुपार. लहान मुलं नंद्यांच्या दोऱ्या ओढत पाळीकडे निघालेली, चाकं चिखलात रुतणारी, देवराम प्रत्येकाला ओरडून सांगणारा, "आडवा नोको पाडू गा, शिंग मोडन!" आणि माझ्या अंगणात बैठक. डोमाकाका खाटेवर बसले होते, मांडीवर पळसाचा मेढा.

"माह्याच्यानं आता नाई होत," ते म्हणाले. "डोरे गेले. परवा शिंगाड्याकडं थवा आहे म्हने कोनीतरी, मले नुसतं पानी दिसते. यंदापासून मेढा दुसऱ्यानं लावाचा."

कोणी, म्हणून चर्चा झाली. थोडी. देवराम म्हणाला, "मास्तर आहेत ना. कोन्या दिवशी लावला, कोठं लावला, सगळं लिहून ठेवतीन." सगळ्यांना पटलं. एकजण म्हणाला, घराणं त्यांचंच, तलावही त्यांच्याच लोकांनी बांधला, योग्यच झालं. टाळी वाजली एक.

डोमाकाका फांदीची पानं चाचपडत होते. "नजर त बिसन्याची होती," ते स्वतःशीच म्हणाले. "माह्यापेक्षा आधी दिसायचं त्याले. पन काय करता, वहीत लिवलं हाय." मग त्यांनी मेढा माझ्याकडे धरला. माझ्या थोडा डावीकडे; डोळे गेलेत. मी हात पुढे करून घेतला.

त्या वेळी बोलायला हवं होतं. हजर सगळे होते. वही माझ्या हातात होती, ठराव बदलायला माझ्याइतका अधिकार कोणालाच नव्हता. सुनंदा दारात कपबशा घेऊन उभी होती, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. मी लिहिलं: मेढा लावण्याचे काम सर्वानुमते सचिवांकडे. सही केली.

सगळे गेल्यावर साडेचारला मी मेढा खांद्यावर घेऊन बिसनच्या घरापर्यंत गेलो. आठ घरं. दाराशी त्याची बायको तांदूळ निवडत होती.

"या ना जी मास्तर. ते मिलमधून यायचे आहेत. पाचले येतीन. काई काम होतं का?"

"नाही. सहज," मी म्हणालो.

तिनं माझ्या खांद्यावरच्या फांदीकडे पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं. "मेढा यंदा तुमी लावता का जी?"

"हो. म्हणजे... बघू."

"चांगलं झालं," ती म्हणाली. त्यात टोमणा असेल म्हणून मी ऐकत राहिलो. नव्हता.

परत आलो. मेढा विहिरीपाशी बादलीत उभा करून ठेवला आहे. पाण्यात ठेवला तर पानं चार दिवस हिरवी राहतात. शिंगाड्याकडचा थवा मी पाळीवरून पाहून आलो, कोणीतरी सांगितलं ते खरं आहे. परातीएवढा. अजून मेढा नाही, आणि उद्या सुट्टी आहे, लोक गऱ्या घेऊन येतील.

उद्याची यादी केली. एक, वरच्या बांधीची फुटलेली पाळ बुजवणे. दोन, जुन्या ठरावाखाली दुरुस्ती लिहून सही करणे. मजकूर तयार आहे, माझ्या नावासह. तीन, बिसनकडे जाणे. चार, मेढा लावणे. एक आणि चार घटकाभरात उरकतील. पण तिसऱ्याआधी चौथं करायचं नाही, असं मी कंसात लिहून ठेवलं आहे, आणि चौथं थांबण्यासारखं नाही.

मग तीन नंबर उद्यावरून काढून आजमध्ये घातलं. पाच वाजून गेले. आत्ता सायकल गेली. चेनचं झाकण सैल आहे, ते खडखडतं, घरातूनही ओळखू येतं. खडखड आठव्या घरापाशी थांबली. सुनंदानं विहिरीवरून बादली उचलली, मेढ्यासकट, आणि उंबऱ्याच्या आत, मी बसलोय तिथं पायाशी आणून ठेवली. 

चौकट रिकामी आहे.